अभावाचे प्रमाण

एखादी वस्तू आहे हे जाणण्यास डोळे, कान आणि त्वचा यांचे साहाय्य मनुष्यास सहज मिळते. परंतु ती वस्तू तेथे नाही, हे ज्ञान त्यास कोणत्या साधनाने होते, या प्रश्नाने आमच्या दर्शनकारांस शतकानुशतके झुंजविले आहे. भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी अनुपलब्धी हे सहावे प्रमाण स्वतंत्र मानले. नैयायिकांनी ते नाकारून अभावाचे ज्ञान प्रत्यक्षाच्याच पदरात टाकले. प्राभाकरांनी तर अभाव हा निराळा पदार्थच मानला नाही. भूतलावर घट नाही, या एका दाखल्यावर हा वाद इतका रंगला की वाचणाऱ्यास घटाचाच कंटाळा यावा. ज्यास हा वाद प्राणाशी गाठ पडलेला पाहावयाचा असेल, त्याने पाठशाळा सोडून विजेच्या कर्मशाळेत जावे. कारण तारेत वीज नाही, या अभावज्ञानाच्या हवाल्यावर वायरमन रोज आपला हात तारेस लावीत असतो.

विजेस रूप नाही, गंध नाही. जिवंत तार आणि मेलेली तार डोळ्यांस सारखीच तांबडी दिसते. म्हणून टेस्टर. त्याच्या मुठीत निऑनचा लहानसा दिवा आणि सुमारे दहा लाख ओहमचा रोध असतो. टोक तारेस लागले व बोट टोपीवर टेकले म्हणजे वायरमनच्या देहातूनच मंडल पुरे होते, आणि 230 व्होल्टच्या दाबाखालीही एका मिलिॲम्पियरच्या अंशाएवढाच प्रवाह वाहून दिवा लाल होतो. तो रोध नसता व हात ओला असता, तर देहाचा रोध हजार ओहमांवर येऊन दोनशेहून अधिक मिलिॲम्पियर वाहिले असते. घरातले संरक्षक स्विच तर तिसांवरच तुटतात. दिवा लागला की वीज आहे, येथवर ठीक. पण न लागला तर? कदाचित दिवा गेला असेल, बोट टोपीवर नसेल, मिस्त्री कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असेल, किंवा भर उन्हात ती लाली दिसलीच नसेल.

येथे मीमांसकांची एक अट स्मरते. नुसती अनुपलब्धी प्रमाण नव्हे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशा परिस्थितीतले न दिसणे, म्हणजे योग्यानुपलब्धी, तेवढेच प्रमाण. अंधारात घट न दिसल्याने घटाचा अभाव ठरत नाही. कर्मशाळेचा दस्तूर हीच अट हातांनी पाळतो: प्रथम चालू असल्याची खात्री असलेल्या प्लगवर टेस्टर लावून पाहावयाचा, मग कामाच्या तारेवर, आणि पुन्हा त्याच चालू प्लगवर, कारण मधल्या क्षणीच दिवा गेला नसेल याला जामीन कोण? खंडेनवमीस हत्यारांबरोबर टेस्टरलाही हळदकुंकू वाहणारा मिस्त्री कामावर परतला की ही तिहेरी परीक्षा चुकवीत नाही, आणि त्यात त्यास भक्तीचा अवमानही वाटत नाही. काट्याच्या मीटरमध्ये काट्याखाली आरशाची पट्टी बसवितात ती याच जातीच्या संशयाने. काटा आणि त्याचे प्रतिबिंब एक झाल्यावाचून वाचन घेऊ नये, म्हणजे दृष्टी तिरकी पडल्याचा दोष उरत नाही.

अनुमानाची फसगत मात्र याहून भयंकर. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये टेस्ट लॅम्प जोडला आणि तो लागला नाही, यावरून तार मेली असे नवशिका ठरवितो. परंतु न्यूट्रल कोठे तुटली असली तर दिवा लागत नाही आणि फेजवर मात्र पुरा दाब उभा असतो. न लागणे हा हेतू वीज असताही संभवतो, म्हणून तो व्यभिचारी, आणि या हेत्वाभासाचा दंड केवळ वादसभेतील पराभव नव्हे. जाणता वायरमन त्याच दिव्याची दुसरी तार अर्थिंगला लावून फेज पुन्हा तपासतो.

टेस्टर प्लगने तपासला, पण प्लग कशाने? अनवस्थेचा हा आक्षेप जुनाच आहे, आणि उदयनाचार्यांचे उत्तर कर्मशाळेतही पुरते: शंका तेथवरच धावते, जेथे ती शंकाकाराच्या स्वतःच्या वर्तनाशी विरोधात येते. त्याच प्लगवर पंखा लावून वारा घेत बसलेल्यास तेथे वीज असण्याविषयी संशय घेण्याची मुभा नाही.

इतके करूनही जे ठरले ते केवळ या क्षणापुरते. नैयायिक अत्यंताभावाहून प्रध्वंसाभाव आणि प्रागभाव हे वेगळे मानतात. मेन स्विच पाडल्यावर तारेत असतो तो गेलेल्या विजेचा प्रध्वंसाभाव, पण तोच येणाऱ्या विजेचा प्रागभावही आहे, आणि प्रागभावाचा नाश करण्यास कोणाही अनभिज्ञाचे एक बोट पुरे. म्हणून स्विचला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात, वर ‘काम चालू आहे’ची पाटी, असा बंदोबस्त. उच्च दाबाच्या वाहिनीवर लाइनमन एवढ्यावरही थांबत नाही; कोणाच्या जनित्रातून उलट वीज येईल, शेजारच्या चालू वाहिनीमुळे हिच्यातही दाब उपजेल, हे जाणून तो कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस तिन्ही तारा एकमेकींशी आणि जमिनीशी जोडतो, आणि मगच खांबावर आपले काम सुरू करतो.