विसरणे वेगळे, न समजणे वेगळे

चौथीतल्या मुलासमोर ५१७ भागिले ७ हे उदाहरण आहे. पाचाला साताने भाग जात नाही, म्हणून ५१ घ्यायचे, इथपर्यंत त्याचे बरोबर आहे. मग ते सातचा पाढा पहिल्यापासून म्हणू लागते, 'सात सत्ते एकोणपन्नास'पाशी थांबते आणि कानात 'पन्नास' घुमत राहिल्यामुळे वहीत ५९ लिहिते. ५१ मधून ५९ जात नाहीत. पेन्सिल थांबते, हात वर होतो : 'बाई, येत नाही.' काय येत नाही? भागाकाराची रीत तर येते आहे, पाढाही पाठ आहे. अडले आहे ते एका संख्यानामापाशी. पण तक्रार एवढी मोघम आहे की बाईंना सगळा भागाकार पुन्हा पहिल्यापासून करून दाखवावा लागतो, किंवा शेजारचा हुशार मुलगा '७३, बाकी ६' असे उत्तर सांगून मोकळा होतो. दोन्हींत त्या मुलाच्या हाती काही लागत नाही. प्राथमिक गणितात प्रत्येक मुलाजवळ स्वतःची एक संदर्भफाइल असावी, या सूचनेचा विचार इथून सुरू करायला हवा. ही फाइल बाईंचा वेळ वाचवते हे खरे. पण तिचे मोठे काम म्हणजे विसरणे आणि न समजणे यांतला फरक खुद्द मुलाला दाखवून देणे.

आपल्या शाळांची रचना पाहिली, तर हा फरक चैनीचा नाही हे लक्षात येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता असतात. एका इयत्तेला शिकवताना दुसरीने आपले आपण काम करणे तिथे गृहीतच धरलेले असते. मात्र आपले आपण काम कसे करायचे हे वेगळे शिकवावे लागते, याचा विसर पडतो. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या सुमारे ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. उरलेली मुले नेमकी कुठे अडली, हे या आकड्यातून कळत नाही. पाढ्यापाशी, हातच्यापाशी, 'वरचा अंक खाली घ्या' या सूचनेपाशी की भागाकार म्हणजे समान वाटणी या मूळ कल्पनेपाशी? पहिल्या तिन्हींवर फाइलीतले एक पान उपाय होऊ शकते. चौथ्यावर कुठलेही पान चालत नाही. तिथे गोट्या, मणी आणि शिक्षकच लागतात.

फाइलीची पाने थोडीच असावीत : शंभरपर्यंतचा अंकतक्ता, पाढे, लांबी-वजनाची कोष्टके, प्रत्येक क्रियेचे पायरीपायरीने सोडवलेले एकेक उदाहरण आणि ताळ्याची रीत. मराठी मुलासाठी आणखी एक पान अटळ आहे, संख्यानामांचे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' अशी वाचनपद्धती आली, तेव्हा भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. पण बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर ज्या अडचणीकडे बोट दाखवत होत्या, ती खरीच होती. 'बहात्तर' म्हणताना आधी दोन येतात आणि मग सत्तर, लिहिताना मात्र आधी सात. 'एकोणपन्नास' तर पन्नासाचे नाव घेऊन चाळिशीत बसते. फाइलीत ४९ समोर 'एकोणपन्नास, म्हणजे पन्नासाला एक कमी' अशी ओळ असली, की भाषेला धक्का न लावता ही गाठ सुटते.

पहिला आक्षेप पाठांतराच्या बाजूने येतो : पाढे फाइलीत असले तर मुले पाठ कशाला करतील? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून काढण्याचा प्रयत्न केला तर दीर्घकाळ लक्षात राहतो. म्हणजे आठवायच्या आधीच फाइल उघडणारे मूल स्वतःचे नुकसान करून घेते. पण दुसरी बाजूही आहे. माणसाला एका वेळी मनात धरता येतात त्या गोष्टी मोजक्याच, आणि ५१७ चा भागाकार करताना कुठला अंक झाला, काय उरले, पुढे काय उतरवायचे यांनीच ती जागा भरून जाते. त्यात पाढा पहिल्यापासून म्हणावा लागला, की तो कशासाठी म्हणत होतो हेच विसरायला होते. म्हणून फाइल असावी की नसावी यापेक्षा ती कोणत्या क्रमाने वापरायची याला महत्त्व आहे : आधी आठवून पाहायचे, नाही आठवले तर पान उघडायचे, पाहून झाले की मिटायचे आणि मगच लिहायचे. पान उघडे ठेवून लिहिणे म्हणजे नक्कल. मिटून लिहिणे म्हणजे उजळणी. आपल्या अंकलिपीचा मूळ उपयोग तरी याहून वेगळा कुठे होता?

पाठांतर हे साधन होते, व्रत नव्हे, याची साक्ष आपल्याच परंपरेत आहे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलांच्या तोंडी होते, कारण रुपये-आणे-पैशांच्या व्यवहारात ते पावलोपावली लागत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणि हे पाढे शाळेतून हळूहळू ओसरले. काय डोक्यात ठेवायचे आणि काय हाताशी, हे काळाची गरज ठरवते. दहापर्यंतचे पाढे आजही डोक्यातच हवेत; पण तिथे पोचेपर्यंतच्या दोन-तीन वर्षांत मुलाचे बाकीचे गणित थांबवून ठेवणे शहाणपणाचे नाही.

दुसरा आक्षेप परीक्षेचा : तिथे फाइल मिळणार नाही, मग सवय का लावायची? याचे उत्तर फाइलीच्या बांधणीतच असले पाहिजे. घराचे काम संपले की परांची उतरवतात. न उतरवलेली परांची काम अपुरे असल्याची खूण असते. मुलाने पान उघडले की त्याच्या कडेला पेन्सिलीने एक रेघ मारावी. महिन्याभरात ज्या पानावर रेघ उमटली नाही, ते मुलाने आपल्या हाताने काढून शिक्षकाकडे द्यावे. मग पहिलीपासून जाडजूड होत गेलेली फाइल चौथीच्या अखेरीस रोडावलेली दिसेल, आणि उरलेल्या पानांवरच्या रेघांनी शिक्षकाला कळेल की कशावर काम करायचे आहे. याच कारणाने बाजारातली रंगीत, प्लास्टिक चढवलेली तयार फाइल इथे कुचकामी ठरते. तिच्यात कोणाच्या अडचणीची खूण नसते, आणि तिचे पान काढायला हात धजावत नाही. मुलाने स्वतः आखलेल्या, वाकड्या रेघांच्या तक्त्यात तो तक्ता करतानाच अर्धे शिकणे झालेले असते.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. फाइल दिली की शिक्षक जबाबदारीतून सुटतील, आणि आधीच कमी शिक्षक असलेल्या शाळांना 'मुले स्वतः शिकतात' हे निमित्त मिळेल. ही भीती खरी आहे; कागदाची पाने शिक्षकाच्या जागी कोणी मोजू लागले, तर त्याला विरोधच करायला हवा. पण स्वतंत्रपणे काम करणे म्हणजे काहीच न विचारणे, असा अर्थ घेतला तरच ही पळवाट उघडते. तयार उत्तर मागणे आणि आपले आपल्याला करता यावे म्हणून मदत मागणे हे दोन वेगळे प्रकार आहेत, हे मानसशास्त्रज्ञ शेरॉन नेल्सन-ली गॉल यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते. फाइल पहिल्या प्रकाराची गरज कमी करते आणि दुसऱ्याला वाट देते. पाढा पाहून, ताळा करून झाल्यावर तेच मूल पुन्हा हात वर करील. पण आता म्हणेल, 'बाई, ५१ मध्ये सहा वेळा गेले तर बाकी ९ येते. बाकी सातापेक्षा मोठी कशी?' या प्रश्नाला बाईंचे एक मिनिट पुरते, आणि ते मिनिट कुठल्याही पानावर लिहून ठेवता येत नाही.