एकट्या होडीने कुणाचे काय बिघडते?



कोरोनाची महामारी आता मागे पडली आहे. 5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. लॉकडाऊनच्या त्या दिवसांत आपण घराघरांत पुष्कळ वाद घातले. कोण बाहेर पडला, कोणाला पोलिसांनी अडवले, कोणाचे बरोबर, कोणाचे चूक! पण ते वाद शांतपणे तपासून पाहायला तेव्हा कुणालाच उसंत नव्हती. आज ती आहे. म्हणून त्यांतला एक प्रश्न या रविवारी आपल्यासमोर ठेवावा असे आम्हाला वाटते.

प्रश्न दूरचा आहे, इंग्लंडमधला. त्या देशात हौसेने शिडाच्या होड्या चालवणारे लोक फार. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर जायचे, धक्क्याला बांधलेली आपली होडी सोडायची, शीड उभारायचे आणि वारा नेईल तिकडे दोन-चार तास फिरून यायचे, हा त्यांचा विरंगुळा. 23 मार्च 2020 रोजी तिथल्या पंतप्रधानांनी लोकांना घरीच राहण्याचा आदेश दिला. अत्यावश्यक कामे, औषधपाणी आणि दिवसातून एकदा व्यायाम, एवढ्यासाठीच बाहेर पडायची मुभा राहिली. ‘रॉयल यॉटिंग असोसिएशन’ या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनेही सभासदांना होड्या बाहेर काढू नका असे सांगितले. बहुतेकांनी ते ऐकले. पण पुष्कळांच्या मनात एक प्रश्न राहिलाच.

तो प्रश्न असा: “रोग माणसापासून माणसाला होतो. मी तर समुद्रात एकटा. मैलभर अंतरावर दुसरा माणूस नाही. बागेत फिरणारा दहा जणांच्या जवळून जातो, दुकानाच्या रांगेत उभा राहणारा वीस जणांच्या. त्यांना परवानगी आणि मला बंदी? शीड ओढणे हा व्यायाम नव्हे काय? माझ्या एकट्या होडीने कुणाचे काय बिघडते?”

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. आम्ही तर म्हणू, रोगाच्या हिशेबापुरते बोलायचे तर त्या माणसाचे म्हणणे बरेचसे खरे होते. उघड्या हवेत, एकट्याने, चारही बाजूंना पाणी. याहून सुरक्षित जागा कोणती? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक शिस्त लावली गेली: समोरच्याचे म्हणणे आधी त्याच्याहून चांगले मांडा, मग उत्तर द्या. म्हणून ते पुरते मांडले. आता उत्तरांकडे वळू.

पहिले उत्तर किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांचे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर संकटात सापडलेल्यांना वाचवण्याचे काम 1824 साली स्थापन झालेली ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ ही संस्था करते. तिच्या बोटींवर जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, कोणी मच्छीमार. संदेश आला की हातातले काम टाकून ते धावतात. लॉकडाऊनमध्येही त्यांच्या बोटी सज्ज होत्या. वाऱ्याने होडी उलटली की बुडणाऱ्याला दोन मीटर अंतर राखून वाचवता येत नाही. त्याला मिठीत घेऊनच वर ओढावे लागते. मग जीवरक्षक रोग घेऊन घरी जाणार, नाहीतर तो देऊन येणार. म्हणजे समुद्रात गेलेला माणूस एकटा दिसतो, पण तो एकटा नसतो. त्याच्या मागे किनाऱ्यावर पाच-सहा माणसे कान देऊन बसलेली असतात. तो त्यांच्या भरवशावर गेलेला असतो.

तरीही हे उत्तर पुरे पडत नाही. मुरलेला नावाडी म्हणेल, “तीस वर्षांत मला कुणाला हाक मारावी लागली नाही. आणि घरी शिडीवरून पडून हात मोडणारे इस्पितळात जात नाहीत काय?” त्याचेही खरे आहे.

दुसरे उत्तर इमॅन्युएल कांट या 18व्या शतकातील जर्मन तत्त्ववेत्त्याच्या विचारातून येते. आपण जे करतो ते प्रत्येकाने करावे असे आपल्याला म्हणता येईल का, हे त्याने विचारायला शिकवले. एक होडी निघाली तर काही नाही. पण हजार निघाल्या तर? किनाऱ्याकडे जाणारे रस्ते मोटारींनी भरतील, धक्क्यावर गर्दी होईल, लहान गावांतल्या दुकानांत शहरातली माणसे शिरतील. यावर आमचा नावाडी हसून म्हणेल, “सगळे कुठे येणार आहेत? सगळ्यांकडे होडी कुठे आहे?”

बंधुभगिनींनो, इथे थोडे थांबू या. आमच्या मते प्रश्नाचे मर्म याच वाक्यात आहे. सगळ्यांकडे होडी नाही. त्या दिवसांत कोणी चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तीन मुलांना घेऊन बसले होते. कोणी आईच्या अंत्यविधीला जाऊ शकले नव्हते. त्यांच्यापैकी पुष्कळांचे बाहेर पडणेही तसे निरुपद्रवीच ठरले असते. एका मुलाने रिकाम्या मैदानात चेंडू मारला असता तर काय बिघडले असते? तरीही ते घरी राहिले, कारण एक मोठे ओझे सर्वांनी मिळून उचलायचे ठरले होते. ज्याच्याकडे होडी आहे त्याने “माझ्या बाबतीत धोका नाही” म्हणून खांदा काढून घेतला, तर रोग वाढणार नाही कदाचित. पण ओझे बाकीच्यांच्या खांद्यावर पडते, आणि तेही ज्यांच्याकडे सुटकेची वाट नाही त्यांच्याच. म्हणून “मी कुणाला इजा करतो का?” एवढे विचारून भागत नाही. “माझ्या वाट्याचे मी उचलतो का?” हेही विचारावे लागते.

मग काय, नियमाला अपवाद नाहीच? तसेही नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी 13व्या शतकात जवळजवळ हाच प्रश्न हाताळला आहे. त्यांचे उदाहरण असे: वेढा पडलेल्या नगरात दरवाजे बंद ठेवण्याचा हुकूम आहे. पण नगराचे रक्षण करणारेच काही जण बाहेर राहिले आणि शत्रू त्यांच्या पाठीवर आहे. अशा वेळी दरवाजा उघडायचा की हुकूम पाळायचा? संत थॉमस म्हणतात, उघडायचा. हुकूम नगराच्या भल्यासाठी होता, आणि आता नगराचे भले उघडण्यातच आहे. मात्र पुढे ते एक अट घालतात. संकट तत्काळ असेल, विचारायला वेळ नसेल, तरच माणसाने स्वतः निर्णय घ्यावा. वेळ असेल तर अपवाद ठरवण्याचे काम ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांचे. गरज आणि हौस यांतला फरक या अटीत आला आहे. वारा चांगला सुटला आहे, हे दरवाजा उघडण्याचे कारण नव्हे.

होडी तीच, समुद्र तोच. पण कारण बदलले की आपले मनही वेगळा कौल देते. मार्च 2020 मध्ये अर्जेंटिनाचा एक दर्यावर्दी पोर्तुगालच्या पोर्तो सान्तो बेटावरून आपल्या लहानशा शिडाच्या होडीतून एकटाच निघाला. विमाने बंद झाली होती आणि त्याचे वडील नव्वदीला आले होते. वाटेत केप व्हर्दे बेटांवर त्याला उतरू दिले नाही. 85 दिवसांनी, जूनमध्ये, तो मार देल प्लाता बंदराला लागला, तपासणी करून घेतली आणि मग वडिलांना भेटला. एवढा धोका पत्करावा की नाही यावर दुमत होईल. पण त्याला हौशी म्हणून कोणी हिणवणार नाही.

आणि आपल्या जवळचे उदाहरण तर आपण विसरताच कामा नये. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी दरवर्षी गुजरातच्या मच्छीमार बोटींवर मजुरीला जातात. लॉकडाऊन लागल्यावर ते बोटींनी घराकडे परतले, तेव्हा उंबरगाव-नारगोळच्या बाजूला त्यांच्यापैकी अनेकांना किनाऱ्यावर उतरूच दिले नाही. घर डोळ्यांसमोर, पाय मात्र बोटीत. पुढे 10 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने मासेमारीला बंदीतून सूट दिली, कारण ती पोटाची गोष्ट होती. अपवाद असा, गरज पाहून, अधिकाऱ्यांनी उघडपणे करायचा असतो. कोळीवाड्यातल्या कुटुंबांना हे सांगायला नको.

आता या ओझ्याची दुसरी बाजू. ज्यांनी ते लोकांच्या खांद्यावर ठेवले, त्यांनीही ते उचलले पाहिजे. 17 एप्रिल 2021 रोजी ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ पतीच्या अंत्यविधीला मास्क लावून एकट्याच बसल्या होत्या. तीसच माणसांना परवानगी होती, आणि राणीने नियम मोडला नाही. त्याच्या आदल्याच रात्री पंतप्रधानांच्या कार्यालयात निरोपाच्या मेजवान्या झाल्या होत्या. पुढे पोलिसांनी अशा मेळाव्यांबद्दल एकूण 126 दंड केले, एक खुद्द पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना. लोक चिडले. रोग पसरला असता म्हणून चिडले असे आम्हाला वाटत नाही. आपण उचललेले ओझे वरच्यांनी खाली टाकले, हे त्यांना लागले.

तसेच नियम करणाऱ्याने कारण सांगावे आणि कारण संपले की नियमही उठवावा. इंग्लंडमध्ये 13 मे 2020 पासून बाहेरच्या व्यायामावरचे बंधन सैल झाले, आणि होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या. ते योग्यच झाले. शिडात वारा भरलेला पाहून आनंदणे यात पाप नाही. जे काही आठवडे थांबले त्यांनी तो आनंद पुढे ढकलला, एवढेच. आणि जो थांबला नाही त्याच्यावर दुर्बीण लावून बसणारा शेजारी, हाही काही सद्गुणाचा नमुना नव्हे. आपले ओझे उचलणे वेगळे, दुसऱ्याच्या खांद्याचे माप काढत बसणे वेगळे.

27 मार्च 2020 च्या संध्याकाळी, पावसात भिजलेल्या रिकाम्या चौकात उभे राहून दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी वादळात सापडलेल्या शिष्यांच्या होडीवर चिंतन केले होते. आपण सारे एकाच होडीत आहोत, याची त्यांनी जगाला आठवण करून दिली. ज्याची स्वतःची वेगळी होडी आहे, त्यालाही हे लागू होते.

महामारी गेली, पण “माझ्या एकट्याने काय बिघडते?” हा प्रश्न गेलेला नाही. मे महिन्यात सोसायटीने पाणी कमी वापरायचे ठरवले असता ज्याच्या घरात मोठी टाकी आहे, तो हाच प्रश्न विचारतो. लग्नाच्या दिवशी अरुंद रस्त्यावर गाडी उभी करणारा हाच विचारतो. रात्री रिकाम्या सिग्नलवरून जाणाराही हाच विचारतो. पुढच्या वेळी तो आपल्या मनात आला, तर तीन गोष्टी स्वतःला विचारून पाहू या. ही माझी गरज आहे की हौस? विचारायला वेळ आणि माणूस आहे का? आणि ज्यांच्याकडे माझ्यासारखी सोय नाही, ते या क्षणी काय करत आहेत?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागणार नाही. या रविवारी मिस्सा संपल्यावर दारात जी माणसे भेटतील, त्यांच्यापैकी कुणी लॉकडाऊनमध्ये काय सोसले हे आपण अजून विचारलेले नसेल. तेवढे विचारू या.