गोळी नक्की कुणासाठी?

कामणला राहून मुंबईत नोकरी म्हणजे दिवसाचे अकरा-बारा तास घराबाहेर. वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच. घरातल्या कुत्र्याला एवढंच कळतं, की दार लागलं आणि आपलं माणूस गेलं. काही कुत्री झोपून टाकतात. काही दार ओरबाडतात, लाळ गाळतात, घसा बसेस्तोवर रडतात.

यावर औषधं आहेत. अमेरिकेत क्लोमिप्रामीनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटीनला २००७ मध्ये नेमक्या याच त्रासासाठी मान्यता मिळाली. ‘आपल्या सोयीसाठी मुक्या जनावराला गोळ्या?’ असं कुणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे, पण तो खरा लागू होतो गुंगीच्या औषधांना. एसप्रोमाझीनने अंग सुस्तावतं, भीती मात्र आत तशीच राहू शकते. शेजारी खूश!

फ्लुओक्सेटीनचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि सोबत ट्रेनिंग लागतंच. दहा सेकंद बाहेर, परत आत. मग अर्धा मिनिट. कुत्रा घाबरायच्या आधी परतायचं. भीती थोडी उतरली तरच तो हे शिकू शकतो.

त्याची संमती घेता येत नाही, हे खरं. पण गोळी न देणं हाही आपणच त्याच्या वतीने घेतलेला निर्णय. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, तेव्हा त्या कुत्र्याला काय वाटलं असेल?

मला गोळीपेक्षा ते अकरा तास जास्त खटकतात. ट्रेनिंग चालू असताना त्याला तेवढा वेळ एकटं ठेवायचंच नसतं. म्हणजे रजा, घरून काम, नाहीतर शेजारच्या काकूंना विनंती. ते जमवायचं नसेल, तर डॉक्टरांकडे गोळी कुणासाठी मागतोय आपण?