टेकडीवर पडलेले कोणाचे?

नागपूरच्या बर्डीत खरेदीला आलेला माणूस मान वर करून टेकडीकडे फारसा पाहत नाही. खाली मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते, मुंजे चौकात डोक्यावरून मेट्रो जाते, चतुर्थीला टेकडी गणपतीची रांग थेट रस्त्यावर येते. वरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. प्रादेशिक सेनेची ११८वी बटालियन तिथे असते आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच सर्वसामान्यांना वर जाता येतं. त्या दिवशी लेकराबाळांसह माणसं चढतात, तटावर उभं राहून आपलं घर कुठल्या अंगाला ते शोधतात, फोटो काढतात आणि उतरतात. १८१७ साली इथे लढाई झाली, एवढं पुष्कळांना माहीत असतं. ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तिथे मेलं कोण, आणि त्यांचे आपण कोणी लागतो का, हा प्रश्न सहसा कुणी काढत नाही.

तेव्हा इथे किल्ला नव्हता; तो इंग्रजांनी लढाईनंतर बांधला. दोन उघड्या टेकड्या होत्या, एक मोठी आणि तिच्या उत्तरेला एक लहान. पलीकडे पूर्वेला भोसल्यांचं नागपूर, अलीकडे पश्चिमेला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याची रेसिडेन्सी. ५ नोव्हेंबरला खडकीला पेशवा कंपनीशी लढून हरला होता, तरी नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांनी त्याच्याकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं जाहीर दरबारात स्वीकारली. २६ तारखेला संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. टेकड्यांवर लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली जेमतेम चौदाशे माणसं होती: मद्रासच्या २०व्या आणि २४व्या पलटणीचे शिपाई, बंगालच्या सहाव्या रिसाल्याच्या तीन तुकड्या आणि रेसिडेंटचे पहारेकरी. समोरचं भोसल्यांचं सैन्य इंग्रजी अहवालांत अठरा हजारांच्या घरात दाखवलं आहे. त्यातले सर्वांत कडवे ते पगारी अरब.

रात्रभर मारा लहान टेकडीवर होता. सकाळी अरबांनी ती घेतली आणि तिथून मोठी टेकडी त्यांच्या टप्प्यात आली. पलटणींच्या झोपड्या पायथ्याशीच होत्या आणि शिपायांच्या बायका-पोरी, कडेवरची मुलं तिथेच राहत होती. अरब झोपड्यांत शिरले तेव्हाचा आक्रोश वर बंदुका भरणाऱ्यांच्या कानावर गेला, अशी नोंद त्या लढाईच्या हकिगतींत आहे. त्यानंतर कॅप्टन फिट्झजेराल्डने मैदानात घोडदळ घातलं, लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट होऊन अरबांत गोंधळ उडाला, आणि कंपनीच्या शिपायांनी टेकडी परत घेतली. २७च्या दुपारपर्यंत सगळं आटोपलं. कंपनीचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७, म्हणजे दर चार माणसांतलं एक. त्यात रेसिडेंटचा साहाय्यक जॉर्ज सॉदबी होता. त्याचे वडील विल्यम सॉदबी इंग्लंडात नावाजलेले कवी होते, त्यामुळे या एका मेलेल्याचं नाव चरित्रकोशापर्यंत पोहोचलं. अधिकाऱ्यांची नावं अहवालात आहेत, शिपाई आकड्यात आहेत, आणि भोसल्यांच्या बाजूने पडलेल्यांसाठी फक्त अंदाज आहेत.

आता या २४व्या पलटणीची गोष्ट. १० जुलै १८०६ ला वेल्लोरच्या किल्ल्यात मद्रासी शिपायांनी नव्या पागोट्यावरून आणि कपाळावरच्या गंधाला केलेल्या मनाईवरून बंड केलं होतं. त्यात मद्रासची पहिली पलटण होती. शिक्षा म्हणून तिचा क्रमांकच सैन्याच्या यादीतून खोडला गेला आणि उरलेल्यांतून नवी २४वी उभी राहिली. अकरा वर्षांनी याच पलटणीने बर्डीची टेकडी लढवली आणि शिपायांच्या विनंतीवरून जुना पहिला क्रमांक परत मिळवला. वेल्लोरला ज्यांना आज आपण स्वातंत्र्याचे आद्य बंडखोर म्हणून डोक्यावर घेतो, त्यांचीच पलटण नागपुरात मराठी राज्य बुडवायच्या कामी आली. देशभक्त आणि देशद्रोही अशा दोन रकान्यांत माणसं भरायची म्हटली, तर या पलटणीला कुठे बसवायचं?

ही लढाई इंग्रज विरुद्ध मराठे अशी पाठ्यपुस्तकात एका ओळीत बसते. नागपूरच्या अंगाने पाहिलं तर तिच्या पोटात घरातलंच भांडण आहे. दुसरे रघुजी भोसले मार्च १८१६ मध्ये गेले. त्यांचे पुत्र परसोजी राज्य चालवण्याइतके धडधाकट नव्हते. त्यांच्या वतीने कारभार कोणी पाहायचा यावरून वाड्यात तट पडले, एकीकडे रघुजींची राणी बाकाबाई आणि दुसरीकडे पुतण्या अप्पासाहेब. या रस्सीखेचीत आपलं पारडं जड व्हावं म्हणून मे १८१६ मध्ये अप्पासाहेबांनी स्वतःच कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्या १ फेब्रुवारीला परसोजींचा खून झाला आणि संशय अप्पासाहेबांवरच गेला. ज्या फौजेवर त्यांनी नोव्हेंबरात तोफा रोखल्या, तिला नागपूरचं दार त्यांच्याच सहीने उघडलं होतं.

लोकस्मृतीने मात्र सगळं खापर बाकाबाईवर फोडलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी मारबत, म्हणजे एका बाईचा पुतळा, १८८१ पासूनची. ती इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या बाकाबाईचंच रूप, असं जुनं नागपूर पिढ्यानपिढ्या सांगत आलं आहे. इतवारीतून ती निघते, जागनाथ बुधवारीची पिवळी मारबत तिला भेटते, मागेपुढे त्या-त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे पुतळे म्हणजे बडगे असतात, आणि इडापिडा, रोगराई घेऊन जा अशी आरोळी देत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. बाकाबाई इंग्रजांच्या बाजूला होती हे खोटं नाही. १८५७ सालीही तिने आपलं वजन त्यांच्याच पारड्यात टाकलं. तरी तहावर सही करणारा पुरुष सुटावा आणि पुतळा म्हातारीचा जळावा, यात गावाने आपली सोय पाहिली असं म्हणायला जागा आहे.

मारबत जळते ती भाद्रपदाच्या प्रतिपदेला. त्याच महिन्याच्या वद्य पक्षात पितृपक्ष येतो आणि त्यातली चतुर्दशी पंचांगात शस्त्रादिहतांच्या श्राद्धाची असते. हत्याराने मेलेल्यांना त्या दिवशी पाणी द्यायचं. तो कोणत्या बाजूने लढत होता, पगार कोणाचा खात होता, हे शास्त्र विचारत नाही. एकाच महिन्यात एकच गाव आधी निवाडा करतं आणि मग तर्पण करतं. या दोन कृती एकमेकींना खोटं पाडतात का, हा बर्डीच्या टेकडीचा खरा धर्मप्रश्न आहे.

महाभारताने त्याला अख्खं स्त्रीपर्व दिलं. गांधारी रणांगणावर फिरते तेव्हा आपल्या शंभरांबरोबर अभिमन्यूसाठीही रडते. धृतराष्ट्र मेलेल्यांचा आकडा विचारतो, युधिष्ठिर तो सांगतो आणि मग ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांच्याही चितांची सोय करण्याचं काम विदुर, संजय, धौम्य यांच्यावर सोपवतो. आपले वेगळे, परके वेगळे अशी वाटणी तिथे नाही. तर्पणासाठी सगळे गंगेच्या काठी येतात तेव्हाच कुंती तोंड उघडते: कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. हरलेल्यांना पाणी द्यायला उतरलेल्या युधिष्ठिराला पाण्यात उभं राहून कळतं की आपण कोणाला मारलं. पण लक्षात घ्यायची गोष्ट अशी की या शोकामुळे दुर्योधन निर्दोष ठरत नाही. द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा हिशोब व्यासांनी पुसलेला नाही. गांधारीच्या शोकातूनच कृष्णाला शाप मिळतो, म्हणजे रडताना न्याय मागायचं तीही सोडत नाही.

बाहेरच्या जगात हे जमलं असं नाही. अमेरिकेच्या यादवीत गेटिसबर्गला १९ नोव्हेंबर १८६३ रोजी लिंकनने ज्या स्मशानभूमीत आपलं प्रसिद्ध भाषण केलं, तिथे मान फक्त उत्तरेच्या सैनिकांना होता. दक्षिणेचे मेलेले शेतांतल्या चरांत पुरलेले राहिले आणि १८७० नंतर त्यांच्याच लोकांनी उकरून त्यांना रिचमंडला वगैरे नेलं. पुढे दक्षिणेत पुतळ्यांवर पुतळे उभे राहिले. त्यांत शोक किती आणि गुलामगिरीचं समर्थन किती, यावरून तिथे अजून भांडणं चालू आहेत. मेलेल्याला पाणी देणं आणि त्याच्या ध्येयाला चौथरा बांधणं यांतला फरक त्या देशाला फार महागात पडला.

आपल्याकडेही सगळे मेलेले सारखेच म्हणून हात झटकणं सोपं नाही. बर्डीनंतर पाच आठवड्यांनी, १ जानेवारी १८१८ ला, कोरेगाव भीमाला कंपनीच्याच शिपायांनी पेशव्याची फौज थोपवली. तिथल्या स्तंभावर महार शिपायांची नावं आहेत आणि १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले. पेशवाईत ज्यांना माणूस म्हणून जागा नव्हती, त्यांनी कंपनीची बंदूक धरली तर त्यांना गद्दार म्हणायचं कोणत्या तोंडाने? म्हणजे निष्ठेचा निवाडा करायचा तर आधी हे विचारावं लागतं, की ज्या राज्याशी निष्ठा हवी होती त्याने त्या माणसाला काय दिलं होतं. पोटासाठी आलेल्या मद्रासी शिपायाला आणि समुद्रापलीकडून आलेल्या अरबालाही हा प्रश्न लागू आहे. डिसेंबरात नागपूर पडलं तेव्हा शहरात ठाण मांडून बसलेल्या अरबांनी आपल्या शर्ती ठरवूनच शहर सोडलं. त्यात बेइमानी शोधण्यात अर्थ नाही; ते त्यांचं काम होतं.

नागपूरच्याच दीक्षाभूमीवर दर अशोक विजयादशमीला जो सम्राट आठवला जातो, त्याने कलिंगात लाखभर माणसं मारली गेल्याचं आणि दीड लाख नेली गेल्याचं स्वतःच कोरून ठेवलं. पण तेरावा शिलालेख म्हणून ओळखला जाणारा तो पश्चात्ताप धौली आणि जौगड इथे, म्हणजे खुद्द कलिंगात, कोरलेला नाही. जिंकणाऱ्याने हळहळायचं आणि हरलेल्याच्या कानावर ते जाऊ द्यायचं नाही, इतकी खबरदारी अशोकानेही घेतली. त्याच्या मानाने नागपूरचे लोक मारबतीसमोर जे काही बोलतात ते भर रस्त्यात, तोंडावर बोलतात.

टेकडीवरच्या शिपायांचं पुढे काय झालं, याचा एक धागा मात्र सापडतो. कामठीला १८२१ मध्ये छावणी वसली, मद्रासच्या पलटणी तिथे राहिल्या, त्यांची तेलुगू, तमिळ, दख्खनी बोलणारी घरं तिथलीच झाली. अशाच एका मद्रासी फौजेतल्या घरात १८६१ मध्ये ताजुद्दीन बाबा जन्मले. ते स्वतःही पलटणीत भरती झाले, पुढे नोकरी सोडली, लोकांनी वेडे ठरवलं, नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात सोळा वर्षं काढली. १९०८ मध्ये त्यांना तिथून सोडवून आपल्या वाड्यात नेलं ते राजे रघुजीराव भोसल्यांनी. तो वाडा सक्करदऱ्याचा, आणि १६ डिसेंबर १८१७ ला भोसल्यांची दुसरी, शेवटची मोठी लढाई झाली ती याच अंगाला. मद्रासी पलटणीच्या पोराला भोसल्यांनी आपल्या घरात गुरू म्हणून ठेवलं. तिथे हिंदू-मुसलमान सगळे येत. १७ ऑगस्ट १९२५ ला बाबा गेले, आणि उमरेड रोडवरच्या ताजबागेत उरुसाला आजही सक्करदऱ्याच्या भोसले घराण्याचा मान असतो.