खिडकी, दस्तऐवज आणि उपाधी

अद्वैत वेदांतात उपाधी म्हणजे वस्तूला मर्यादा घातल्याचा भास निर्माण करणारे, पण तिच्या स्वरूपात न शिरणारे असे काही. घटामुळे आकाश घटाएवढे वाटते, हा त्याचा परंपरागत दृष्टांत. कोणता धर्म वस्तूचा आणि कोणता उपाधीचा, हा विवेक कसा करावा, हा प्रश्न संगणकावर अनेक दस्तऐवज मांडण्याच्या पद्धतींतही उभा राहतो आणि तेथे तो प्रत्यक्ष तपासता येतो.

विंडोजवरील जुन्या रचनेत एका मोठ्या चौकटीत सर्व दस्तऐवजांच्या खिडक्या कोंडलेल्या असत आणि चौकट मिटली की त्या सगळ्याच मिटत. वर्ड २००० व पुढे एक्सेल २०१३ यांनी प्रत्येक दस्तऐवजाला स्वतंत्र खिडकी दिली; आश्रय बदलला, पण दस्तऐवजातले अक्षरही बदलले नाही.

याहून कठीण कसोटी एकाच दस्तऐवजाच्या दोन खिडक्यांची आहे. एक्सेलमध्ये 'न्यू विंडो' ही आज्ञा दिली की तेच वर्कबुक आणखी एका खिडकीत दिसू लागते. एकीत सेलमधला आकडा बदलला की तो दुसरीतही बदलतो; मात्र एकीत पान खाली सरकवले किंवा झूम वाढवला, तरी दुसरीतले दृश्य हलत नाही. आकडा हा दस्तऐवजाचा धर्म, तर झूम हा खिडकीचा. खिडकीतल्या दृश्याला केवळ प्रतिबिंब मानणेही पुरत नाही, कारण आरशातल्या कपाळावर टिळा लावल्याने खऱ्या कपाळाला तो लागत नाही. येथे मात्र खिडकीतून केलेला बदल थेट मूळ वस्तूत होतो. भामती परंपरेशी जोडला जाणारा अवच्छेदवाद, म्हणजे मर्यादित भासणारे ते मूळ तत्त्वच होय हे मत, येथे अधिक जुळते.

तरीही दृष्टांताला सीमा आहे. दोनपैकी एक खिडकी बंद करताना एक्सेल काहीच विचारत नाही. शेवटची बंद करताना मात्र, सेव्ह न केलेला बदल असल्यास, तो ठेवायचा का असे विचारते, कारण तिच्याबरोबर तो बदलही नाहीसा होणार असतो. सर्व घट फुटले तरी आकाश उरते. हा दस्तऐवज कोणत्याही एका खिडकीवर अवलंबून नसला, तरी खिडकीमात्रापासून मुक्त नाही. एकेका उपाधीपासूनचे स्वातंत्र्य दाखवल्याने सर्व उपाधींपासूनचे स्वातंत्र्य सिद्ध होत नाही. ते सिद्ध करण्यासाठी अद्वैती सुषुप्तीकडे, म्हणजे मनही लीन झालेल्या गाढ निद्रेकडे वळतात, आणि आत्म्याविषयीच्या त्यांच्या सिद्धांताची खरी परीक्षा तेथेच होते.