रोख पैसा नाहीसा व्हावा काय?

कुरखेड्याच्या आठवडी बाजारात हल्ली दोन प्रकारचा पैसा शेजारी शेजारी नांदताना दिसतो. कापडवाल्याच्या दुकानी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी फलक टांगलेला असतो. गिऱ्हाईक त्याच्यासमोर मोबाईल धरते, यंत्र रक्कम पोहोचल्याची मोठ्याने ग्वाही देते, आणि व्यवहार संपतो. त्याच रांगेत पोते पसरून मोहफुले किंवा चारोळी विकावयास बसलेली बाई मात्र मिळालेली नोट उजेडाकडे धरून पाहते, पदराच्या गाठीत बांधते आणि सुट्ट्यांसाठी शेजारणीकडे वळते. ही गाठ आणखी किती वर्षे राहणार, असे सुशिक्षित मंडळी वारंवार विचारू लागली आहेत.

ह्या विचारण्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. रोख पैसा जाईल काय, हा एक. तो जावा काय, हा दुसरा. पहिला हिशेबाचा आहे, दुसरा न्यायाचा. आणि पहिल्याचे उत्तर हाती आले म्हणजे दुसऱ्याचेही आले, असे पुष्कळांस वाटते.

हिशेब आधी पाहू. मोबाईलवरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ पैसे पाठविण्याची यूपीआय ही पद्धत एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली, आणि ऑगस्ट २०२३ ह्या एकाच महिन्यात तिच्याद्वारे १००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. इतकी वाढ पाहून नोटेचा अंतकाळ जवळ आला असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्याच्या आधी देशात सुमारे १७.७ लाख कोटी रुपयांचे चलन फिरत होते. मार्च २०२४ मध्ये ते सुमारे ३५ लाख कोटींवर गेले. म्हणजे मोबाईलचा व्यवहार वाढला आणि रोकडही दुप्पट झाली. लोक रोजचा खर्च मोबाईलने करितात आणि अडीअडचणीसाठी नोटा घरी ठेवितात, असाच ह्याचा अर्थ दिसतो.

हुकमाने रोकड हटविण्याचा एक प्रयोगही आपल्या राज्यात होऊन गेला. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात धसई म्हणून गाव आहे. ते १ डिसेंबर २०१६ रोजी महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. उद्घाटन तेव्हाचे अर्थमंत्री श्री. सुधीर मुनगंटीवार, म्हणजे आपल्या चंद्रपूरकडचेच गृहस्थ, ह्यांनी केले. लहानमोठ्या दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे देण्यात आली. पुढे त्यांतील बरीच यंत्रे बाजूला पडली आणि बाजार पुन्हा रोखीवर आला, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. ह्यात धसईकरांस हसण्यासारखे काही नाही. जे साधन त्यांस उपयोगी पडले नाही ते त्यांनी खाली ठेविले, एवढेच.

तर मग रोकडीस काही धोकाच नाही, असे म्हणावयाचे काय? धोका आहे, परंतु तो दुसऱ्या वाटेने येतो. दहा रुपयांच्या नाण्याची गोष्ट घ्या. त्याचे सर्व १४ नमुने चालू आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले. तरीही कित्येक गावी दुकानदार "हे चालत नाही" म्हणून ते परत करीत राहिले. सरकारने नाणे रद्द केले नव्हते. गल्ल्यावर बसलेल्या माणसाने केले. आणि नुकसान झाले ते ज्याच्या मुठीत त्या वेळी नाणे होते त्याचे. रोख पैसा जावयाचा असेल तर तो असाच जाईल. एके ठिकाणी एटीएम बंद होईल, दुसरीकडे तिकिटाच्या खिडकीवर "केवळ ऑनलाइन" अशी पाटी लागेल, तिसरीकडे शाळेची फी मोबाईलनेच भरावी असे कळविण्यात येईल. प्रत्येकाची सोय लहान, प्रत्येकाचा नकार लहान. आणि त्या सर्व नकारांची बेरीज एका म्हातारीच्या वाट्यास येईल.

दूरच्या एका देशात ही बेरीज होऊन चुकली आहे. युरोपातील पहिल्या बँकनोटा १६६१ साली स्वीडनमध्ये निघाल्या, आणि नोट जवळजवळ टाकून देणाऱ्या देशांतही स्वीडनच पुढे गेला. तेथे दुकानांनी रोकड नाकारण्यास आरंभ केला, बँकांनी शाखांतून नोटा देणे बंद केले. शेवटी मोठ्या बँकांनी रोकडीची सेवा दिलीच पाहिजे, असा कायदा त्या सरकारास करावा लागला. तो जानेवारी २०२० पासून अमलात आहे. पुढे २०२४ च्या अखेरीस संकटकाळाविषयीची जी पुस्तिका सरकारने घरोघर पाठविली, तीत काही रोकड जवळ बाळगण्याची सूचना आहे. स्पेन व पोर्तुगाल ह्या देशांत २८ एप्रिल २०२५ रोजी वीज गेली, तेव्हा कार्डे निरुपयोगी झाली आणि ज्याच्या खिशात नोटा होत्या त्यास भाकरी विकत घेता आली. त्यांच्याकडे तो एका दिवसाचा प्रसंग होता. कुरखेड्याहून कोरचीच्या बाजूस जाताना पावसाळ्यात वीज आणि मोबाईलचा मनोरा दोन्ही गप्प झाले, तर त्याची बातमी कोण छापतो?

येथे रोकडीची बाजू घेणाऱ्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. रोख पैशाने गरिबास पुष्कळ लुबाडले आहे. हजेरीपटावर अंगठा एका रकमेवर घ्यावयाचा आणि हातावर दुसरीच ठेवावयाची, हा प्रकार ह्या जंगलात कोणास समजावून सांगावयास नको. मजुरी खात्यात जमा होऊ लागली तेव्हापासून निदान पासबुक नावाचा एक साक्षीदार मजुराच्या बाजूने उभा राहिला. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या नावे येऊ लागले. हीच रक्कम घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती रोख दिली असती तर ती चुलीपर्यंत किती पोहोचली असती, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. (गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरीही हा प्रश्न विचारावा लागतो.) लाचही सहसा रोखीनेच दिली जाते. मात्र काळा पैसा पकडण्यासाठी २०१६ साली ज्या नोटा रद्द केल्या, त्यांतील ९९ टक्क्यांहून अधिक बँकांत परत आल्या, असे रिझर्व्ह बँकेनेच पुढे जाहीर केले. आणि त्या दिवसांत रांगेत उभे राहून ज्यांची रोजी बुडाली, ते बहुतांशी काळ्या पैशाचे धनी नव्हते.

असे असूनही ज्या बाईच्या खात्यात पैसे येतात ती पहिल्या संधीस जाऊन ते रोख काढून आणते. तिला शहरातला मनुष्य अडाणी म्हणतो. आम्हांस ती शहाणी वाटते. खात्यातले पैसे तिचे आहेत खरे, परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचावयास तिला बँक पाहिजे, वीज पाहिजे, जाळे पाहिजे, आणि बांबू तोडून व धान रोवून झिजलेला अंगठा यंत्राने ओळखला पाहिजे. ह्यांपैकी एकाने "नाही" म्हटले की तिची बस चुकते व दिवस बुडतो. साध्या फोनवरून पैसे पाठविण्याची सोय मार्च २०२२ मध्ये झाली आहे. पण तीतही खाते, गुप्त अंक आणि जाळे लागतेच. वाचता येत नसल्यास तो गुप्त अंक ती दुसऱ्याकडून दाबून घेते, आणि मग तो गुप्त राहत नाही. नोट मात्र रंगाने ओळखता येते, बोटांनी मोजता येते. एक गाठ तेलामिठाची, एक मुलीच्या वह्यांची, असा संसाराचा हिशेब ती डोळ्यांनी करिते.

शिवाय रोकड नाव विचारीत नाही. हा तिचा मोठा दोष आणि तोच तिचा मोठा गुण. लाच झाकणारा काळोख दानही झाकतो. मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण सर्व जाणतो; तिच्या दानाची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही. आता देणाऱ्याचे नाव, वेळ व रक्कम मोबाईलच्या पडद्यावर झळकते, आणि ज्याला दहाच रुपये द्यावयाचे आहेत तो देण्यापूर्वीच संकोचतो. गरिबास सरकारपासून लपविण्यासारखे फारसे नसते. त्याला लपवावे लागते ते जवळच्या माणसांपासून: सावकारापासून, दारुड्या नवऱ्यापासून, गावच्या दांडग्यापासून. मुलीच्या शिक्षणासाठी डब्यात वीस-वीस रुपये टाकणाऱ्या आईस चोर म्हणावयाचे काय? ज्या घरात मोबाईल एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, तेथे तो डबा हेच तिचे स्वातंत्र्य होय.

ह्यावर व्यवहारी लोकांचा आक्षेप असा की, नोटा छापणे, वाहून नेणे, राखणे ह्यांस फार खर्च येतो, आणि जंगलातल्या मूठभर लोकांसाठी तो कोणी सोसावा? आक्षेप खोटा नाही. दूरच्या गावी नोटांची पेटी पोहोचविणे महाग पडते व जोखमीचेही असते. परंतु मोबाईलचा व्यवहार फुकट आहे अशी जी समजूत आहे ती तरी कोठे खरी आहे? जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. हा भार बँकांवर पडू नये म्हणून सरकारने त्यांस प्रोत्साहनाची रक्कम दिली. २०२४-२५ ह्या वर्षासाठी तीकरिता १५०० कोटी रुपयांची मंजुरी होती. ही रक्कम सार्वजनिक तिजोरीतून येते, आणि त्या तिजोरीत बाजारातून कित्येक जिन्नस विकत घेणारी जंगलातली बाईही कर भरते. नागपूरचा गृहस्थ चहाचे दहा रुपये मोबाईलने देतो तेव्हा त्याच्या सोयीचा काही भाग ती उचलीत असते. मग तिच्या गावापर्यंत नोट नेण्याचा खर्च सर्वांनी उचलावा, हे मागणे भिक्षेचे कसे होईल?

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येईल. भल्या पहाटे पाने तोडून, घरी पुडे बांधून बायामुले ती फळीवर मोजून देतील, आणि मजुरीचा प्रश्न निघेल. पैसे खात्यात पाहिजेत की हातात, हे ठेकेदाराच्या किंवा बँकेच्या सोयीने न ठरविता ग्रामसभेने घराघरातील पाने तोडणाऱ्या बाईसच विचारावे. कोणी अर्धे खात्यात आणि अर्धे हातात मागेल. तसेही लिहून घ्यावे.