साहेबांना भेटताना हातात काय होतं?

बहुतेक वर्षी डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं. 1953 च्या नागपूर करारातलं हे एक कलम निदान दिसण्यापुरतं तरी पाळलं जातं. विदर्भाच्या पदरात त्यातून काय पडतं, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. वर्ध्याच्या पोरापोरींना मात्र तास-दीड तासाच्या अंतरावर अख्खं सरकार गाठता येतं. राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या अभ्यासवर्गाला राज्यशास्त्राचे, पत्रकारितेचे विद्यार्थी येतात. कुणी एखाद्या आमदाराच्या कार्यालयात ‘इंटर्न’ म्हणून चिकटतं. आठवड्याभरात फोटो झळकू लागतात: साहेब मधोमध, पोरं कडेला, सगळ्यांच्या हातात एकच पुष्पगुच्छ.

परवा एका परिसंवादात एका व्यवस्थापनतज्ज्ञांनी या फोटोंना तत्त्वज्ञान पुरवलं. इंटर्नशिपची खरी कमाई म्हणजे ओळखी, असं त्यांचं म्हणणं. काम काय, कुठंही शिकता येतं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा लेख.

वर्ध्यात उभं राहून हे वाक्य ऐकणं जरा जास्तच झोंबतं. याच गावात ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली आणि हातांनी काम करता करता शिकण्याची कल्पना देशापुढे आली. पण या ‘नई तालीम’चं नाव घेऊन सुटका करून घेण्यात अर्थ नाही. आज तिचा उपयोग बहुधा भाषणाच्या दुसऱ्या परिच्छेदापुरताच उरला आहे. मला बोलायचं आहे ते गांधींचे सचिव महादेव देसाईंबद्दल. मोठ्या माणसाच्या कार्यालयात तरुणानं कसं असावं, याचं त्यांच्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

लोकांना महादेवभाई आठवतात ते गांधींची सावली म्हणून. हे चूक आहे. 1915 मध्ये गांधींनी आश्रमाच्या नियमांचा मसुदा लोकांपुढे ठेवून मतं मागवली, तेव्हा अहमदाबादेतल्या या तरुण वकिलानं मित्र नरहरी परीख यांच्यासोबत लेखी टीका पाठवली. गांधींनी दोघांना चर्चेला बोलावलं. म्हणजे ओळखीची सुरुवात हाराने झाली नाही, हरकतीने झाली. 1917 मध्ये महादेवभाई कायमचे सोबत आले, तोवर त्यांनी इंग्रज लेखक मोर्लेचा तडजोडीवरचा ग्रंथ गुजरातीत आणलेला होता. रिकाम्या हातानं आलेला हा माणूस नव्हता.

पुढे वर्ध्यात गांधी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले आणि महादेवभाई मगनवाडीत राहिले. वर्ध्याच्या उन्हात कागदपत्रं घेऊन त्यांची पायी ये-जा चाले. जगभरचे पाहुणे गांधींच्या दारात येत. महादेवभाई त्यांच्या भेटी ठरवत, बोलणं टिपून घेत, पत्रांची उत्तरं लिहीत. पण माझ्या लेखी महत्त्वाचं वर्ष 1938. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात हरिजनांना प्रवेश नसताना कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन आत दर्शनाला गेल्या. गांधी संतापले, ठपका महादेवभाईंवरही आला. त्यांनी सरळ सोडून जाण्याची तयारी दाखवली. गांधींनी जाऊ दिलं नाही. मग महादेवभाईंनी तो सगळा प्रसंग गांधींच्याच ‘हरिजन’ साप्ताहिकात लिहून काढला. आजच्या कुठल्या साहेबांच्या कार्यालयात हे खपेल?

इथवर मी त्या व्यवस्थापनतज्ज्ञांना चीतपट केल्याच्या आनंदात होतो. पण वर्ध्याचाच इतिहास आडवा येतो. 1952 मध्ये वर्ध्याचे पहिले खासदार झाले श्रीमन्नारायण, उद्योगपती जमनालाल बजाजांचे जावई. त्यांच्यानंतर 1957 पासून कमलनयन बजाज, जमनालालजींचे पुत्र. दोघांचंही कर्तृत्व मी नाकारत नाही. पण बजाजांच्या ज्या बजाजवाडीत काँग्रेसचे नेते उतरायचे, तिथल्या माणसांना ‘ओळखी’ कमवायला इंटर्नशिप करावी लागली नाही. आजही सत्तेच्या जवळ असण्याला किंमत आहेच: देवेंद्र फडणवीसांचे विशेष कार्य अधिकारी राहिलेले सुमित वानखेडे 2024 मध्ये आर्वीचे आमदार झाले. मग समुद्रपूर तालुक्यातल्या सोयाबीन-कापसाच्या घरातली मुलगी मंत्र्यांच्या केबिनमध्ये पहिल्यांदा पाय ठेवते, तेव्हा तिला ‘दरबारी’ म्हणायचा अधिकार कुणाला? ओळखींना नाकं मुरडतात ती बहुतेक ओळखी असलेलीच माणसं. खुर्चीवरचाही माणूसच असतो, त्यालाही सचिवाला विचारूनच आकडा सांगावा लागतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की भीती जाते. ती जाणं हेही शिक्षणच.

तेव्हा वाद भेटावं की नाही हा नाहीच. ओळख फुकट मिळाली की माणूस हांजीहांजी शिकतो; नुसतं काम मिळालं की कारकून होतो. याचा दाखला समोरच आहे: मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना 6,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये देऊन सरकारी कार्यालयांत बसवलं गेलं. मुदत संपत आली तसे प्रशिक्षणार्थी कायम करा म्हणत आंदोलनात उतरले. त्यांची मागणी मला समजते. त्यांना काय शिकवलं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

वर्धा, देवळी, हिंगणघाट आणि आर्वी, जिल्ह्यातल्या चारही आमदारांना म्हणून सांगणं आहे. या डिसेंबरात एकेक विद्यार्थी जरूर घ्या. त्याला लेटरहेडवर शिफारसपत्रं टाइप करायला आणि ‘भाऊ बैठकीत आहेत’ हे सांगायला बसवू नका. तुमचाच एक तारांकित प्रश्न त्याच्या हाती द्या: पीकविम्याचा, सिंचनाचा, कुठलाही. मंत्र्यांचं उत्तर आलं की त्याला गावात पाठवून ते पडताळून घ्या आणि तो जे लिहून आणेल ते, तुम्हाला अडचणीचं असलं तरी, वाचा. आणि पोरांनो, साहेबांना भेटायला जाताना पुष्पगुच्छ नेऊ नका. एक लेखी हरकत न्या. ती वाचून जो तुम्हाला पुन्हा बोलावेल, त्याच्याकडेच काम करा.